सर्टिफिकेट कुणाला दाखवायचंय?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक नागपूरच्या मानेवाडा भागात राहतात. वय २९, केमिस्ट्रीत बी.एस्सी., हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं क्वालिटी कंट्रोलला, पगार २४ हजार. दोन वर्षांपूर्वी आपल्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. विटांचे जाळीदार तीन हौद, रोजचा साधारण ३० किलो कचरा, मदतीला झाडलोट करणाऱ्या मावशी. खत चांगलं निघतं, शेजारच्या दोन सोसायट्यांनी विचारणाही केली आहे. आता त्यांना हेच काम पोटापाण्यासाठी करायचं आहे. निवृत्त कारकून असलेल्या वडिलांचं म्हणणं, "बी.एस्सी. करून कचरा चिवडून राहिला काय बे? पोरगी कोन देईन तुले?" शिल्लक १ लाख ८० हजार. डोळ्यांसमोर तीन वाटा आहेत: अमेरिकेतलं व्यावसायिक कंपोस्टिंगचं सर्टिफिकेशन, एका खासगी संस्थेचा १८ हजारांचा शनिवार-रविवारचा 'मास्टर' कोर्स, किंवा नोकरी सोडून काटोलजवळ चुलत भावाच्या दोन एकरांत गांडूळखताचा प्रकल्प. प्रश्न असा: "कोणतं सर्टिफिकेट केलं म्हणजे लोक मला सिरियसली घेतील?" ता.क. "मे महिन्यात तीन किलो गांडुळं आणली होती, आठ दिवसांत सगळी मेली. काय चुकलं?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात 'लोक' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजला मी. लोक हसतात, लोक विचारतात, लोक सिरियसली घेत नाहीत. हे लोक म्हणजे कोण, ते मात्र एकदाही आलेलं नाही, आणि तुमचा सगळा प्रश्न तिथेच अडकलाय. सर्टिफिकेट हा अनोळखी माणसाला दाखवायचा कागद. जो ओळखतो त्याला तो लागत नाही, आणि जो ओळखूनही मानत नाही त्याच्यापुढे फाईल भरून कागद ठेवले तरी तो चष्मासुद्धा काढत नाही. तेव्हा तुमच्या धंद्यात समोर येणारा अनोळखी माणूस कोणता, ते आधी बघू. कागदाचं नंतर.

पहिला येईल तो सोसायटीचा सेक्रेटरी. त्या शेजारच्या दोन सोसायट्यांनी तुम्हाला सर्टिफिकेट मागितलं का? पत्रात तसं काही दिसलं नाही. मागितलं असतं तर तुम्ही लिहिलंच असतं. त्यांनी काय पाहिलं असेल ते मी सांगते. भर जुलैत तुमच्या हौदांपासून चार पावलांवर कुणीतरी स्कूटर लावली आणि त्याला नाक धरावं लागलं नाही. सेक्रेटरीला एवढंच हवं असतं: वास नको, चिलटं नकोत, उंदीर नकोत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन नको.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये हा उत्साह मलाच आला होता. आषाढ लागला, सुका पालापाचोळा संपला, आणि मी ओल्यावर ओलं टाकत राहिले. एका सकाळी हौदातल्या अळ्या भिंतीवरून रांगेनं जिन्यापर्यंत आल्या. त्या अळ्या निरुपद्रवी, काळ्या सोल्जर माशीच्या, खताला उलट मदतच करणाऱ्या. पण हे सकाळी सात वाजता गाऊनवर उभ्या असलेल्या शेजारणीला समजावून पाहा. महिन्याभरात हौद बंद झाला. त्या दिवशी माझ्याकडे जगातलं कुठलंही सर्टिफिकेट असतं तरी हौद बंदच झाला असता. चार पोती वाळलेली पानं असती तर वाचला असता.

म्हणून पहिली सूचना हीच, आणि ती तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरात कडुनिंब, पिंपळ, साग झडतात आणि गल्लोगल्ली लोक ती पानं पेटवतात, तेव्हा पोती घेऊन बाहेर पडा. जमेल तेवढी भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ती सोन्याच्या भावाची होतात. कमी पडलीच तर लकडगंजच्या आरागिरण्यांतून लाकडाचा भुसा मिळतो, फक्त प्लायवुडचा आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा घेऊ नका. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० ला १, ओलावा ५० ते ६० टक्के, हे तुम्हाला पाठ असेलच. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून फार तर एखादा थेंब यावा, हेही तुम्ही करत असालच. पण हा सगळा हिशेब नागपूरच्या तीन ऋतूंत जमवणं हे वेगळं शिक्षण आहे आणि ते कुठल्याही वर्गात मिळत नाही. तुमचं दोन वर्षांचं झालंय. त्याची किंमत तुम्हालाच कळलेली नाही, असं पत्र वाचून वाटतं.

या सेक्रेटरीला गरज का पडते, तेही समजून घ्या, कारण तुमचा धंदा त्याच गरजेवर चालणार आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांना आपला ओला कचरा शक्य तोवर आवारातच जिरवायला सांगितलं, आणि दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना 'बल्क' म्हणून वेगळं काढलं. तेव्हापासून धोरणाची दिशा तीच आहे. त्या भरात अनेक सोसायट्यांनी लाखांची यंत्रं घेतली. '२४ तासांत खत' असं त्यावर लिहिलेलं असतं. यंत्र कचरा तापवून, भरडून वाळवतं. बाहेर पडतो तो तपकिरी भुगा, खत नव्हे. कुंडीत टाकून पाणी घातलं की तो पुन्हा सडायला लागतो, आणि सडताना मातीतलं नत्र ओढून घेतो. मग झाड पिवळं पडतं आणि लोक म्हणतात खत वाईट. मी पाहिलेल्या तीन सोसायट्यांत अशी यंत्रं जिन्याखाली बंद पडून आहेत, एकावर तर जुनी गादी ठेवलेली होती. तुमच्यासारख्याचं पहिलं गिऱ्हाईक तिथे बसलंय. त्या भुग्याला महिनाभर हौदात मुरवून खरं खत करून देणारा माणूस त्यांना हवा आहे.

आता पैशाचं. पत्रात तुम्ही 'खत विकून' असं लिहिलंय. जरा गणित करू. दिवसाला ३० किलो, म्हणजे महिन्याला ९०० किलो कचरा. पाणी आणि वायू निघून गेल्यावर पाव हिस्सा उरतो असं धरा, सव्वादोनशे किलो. दहा रुपये किलोनं गेलं तर सव्वादोन हजार रुपये. मावशींना काय देता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यातून फार काही उरत नसणार. खत विकून घर चालत नाही. घर चालतं ते कचरा सांभाळून देण्याच्या मेहनतान्यावर. फ्लॅटमागे महिन्याला ८० रुपये धरा, ६४ फ्लॅटचे पाच हजार होतात. अशा दहा सोसायट्या हातात आल्या तर ५० हजार. त्यातले निम्मे मजुरी, पेट्रोल, चाळण्या, पोती यांत जातील असं समजा. उरले २५ हजार. म्हणजे दहा सोसायट्यांनंतर तुम्ही आजच्या पगाराला टेकता. हे सगळे आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून पाहा. पण एक सोसायटी ही हौस, दहा सोसायट्या हा धंदा, आणि मधलं सगळं अंतर नोकरी न सोडता कापायचं, हे काही बदलणार नाही.

दुसरा अनोळखी माणूस म्हणजे खत घेणारा: नर्सरीवाला, गच्चीवर भाजी लावणाऱ्या बायका, काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार. यालाही तुमचं सर्टिफिकेट नको आहे. याला खताचं हवंय. शहरी खताचा शेतकऱ्याला आलेला अनुभव वाईट आहे. पोतं ओतलं की काच, शॅम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. एकदा पाय कापला की तो माणूस पुन्हा शहरी खताच्या वाटेला जात नाही. त्याच्याशी बोलायचं तर तपासणी अहवाल हातात ठेवून.

आणि हे तर तुमचंच क्षेत्र! खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टची मानकं दिलेली आहेत. ओलावा १५ ते २५ टक्के, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार, ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. शिशासारख्या जड धातूंना मर्यादा आहेत, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. वाहकतेकडे जास्त लक्ष ठेवा, असं मी सांगेन. आपल्याकडच्या उरलेल्या भाज्या, लोणची, सावजीचा रस्सा, सगळ्यातलं मीठ हौदात जातं आणि ते बाहेर पडत नाही. पोत्यावर नाव छापून खत म्हणून विकायचं झालं की हा आदेश लागू होतो आणि कृषी विभागाची परवानगी काढावी लागते. सोसायटीतल्या सोसायटीत वाटताना तो व्याप नाही. तोवर घरचीच एक तपासणी करत राहा. दोन कुंड्या, एकीत नुसती माती, दुसरीत अर्धं खत, दोन्हींत मेथीचे मोजून वीस-वीस दाणे. खताच्या कुंडीत दाणे कमी उगवले किंवा पानं करपली तर माल कच्चा आहे. बॅच थांबवा.

अमरावती रोडवर गोंडखैरीजवळ केंद्र सरकारचं प्रादेशिक सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र आहे, एक दिवस सुट्टी काढून तिथे जाऊन या. वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्थेचं कृषी विज्ञान केंद्र आहे. मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, दोन्ही अमरावती रोडवर. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर शहराच्या मधोमध, १९५८ पासून. माती, पाणी, कचरा यांवर काम करणाऱ्या एवढ्या संस्था ज्या गावात आहेत, तिथला मुलगा अठरा हजार देऊन शनिवार-रविवारी मास्टर व्हायला निघालाय, याचं मला थोडं हसू आलं. रागावू नका.

त्या कोर्सबद्दल एवढंच विचारा. प्रमाणपत्र देतंय कोण, संस्था स्वतःच की एखादं सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे त्या क्षेत्राची सरकारमान्य कौशल्य परिषद? त्यावर राष्ट्रीय कौशल्य चौकटीची पातळी लिहिलेली असते का? सोळा तासांत ढीग किती वेळा पलटायला मिळतो? आणि कोर्सच्या शेवटी ते यंत्र किंवा जिवाणूंच्या कल्चरच्या बाटल्या विकतात का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर ती फी तुम्ही गिऱ्हाईक होण्यासाठी भरताय.

तिसरा अनोळखी माणूस मात्र खराच कागद मागणारा आहे. कचरा व्यवस्थापनातल्या कंपन्या, मोठी हॉटेलं, कॉलेज कॅम्पस, सल्लागार संस्था. तिथला एचआर तुमचा हौद बघायला येणार नाही, तो बायोडेटा बघेल. अशी नोकरी हवी असेल तर सर्टिफिकेट हवंच, आणि मग कोणतं याचा नीट विचार करू.

अमेरिकेतल्या ज्या सर्टिफिकेशनबद्दल तुम्ही लिहिलंय ते चांगलं आहे, गंभीर आहे. तिथल्या कंपोस्टिंग कौन्सिलशी जोडलेल्या प्रतिष्ठानाचं कमिशन ते देतं. 'सर्टिफाइड कंपोस्ट ऑपरेशन्स मॅनेजर' ही त्यातली ओळखीची पदवी. नुसती परीक्षा देऊन ती मिळत नाही. प्रकल्पावर काम केल्याचा अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो, मग परीक्षा, आणि पुढे ठरावीक काळानं शिकत राहिल्याचा पुरावा देऊन नूतनीकरण. त्या परीक्षेमागचा विचार मला पटतो: आधी ढीग, मग पेपर. पण ती तिथल्या प्रकल्पांसाठी, तिथल्या कायद्यांसाठी आहे. त्यांच्याकडे उघड्या लांब ढिगांना १५ दिवस ५५ अंशांच्या वर ठेवून त्या काळात पाच वेळा पलटायचं असा नियम आहे. बंदिस्त किंवा हवा फुंकलेल्या ढिगाला तीन दिवस पुरतात. रोगजंतू मरावेत म्हणून. हे शास्त्र मानेवाड्यातही तेवढंच खरं. पण ती पदवी बघून मानेवाड्यातला सेक्रेटरी दहा रुपये वाढवून देणार नाही. मी तुमच्या जागी असते तर त्या परीक्षेचा अभ्यासक्रम समोर ठेवून अभ्यास केला असता आणि फी खिशात ठेवली असती. पुढे परदेशात जायचं ठरलं, किंवा एखाद्या मोठ्या प्रकल्पावर दोन-तीन वर्षं काढली, तर तेव्हा भरा.

आपल्याकडे काय आहे? ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिल ऑफ इंडियाचं 'व्हर्मिकंपोस्ट प्रोड्यूसर' हे कौशल्य प्रमाणपत्र आहे. इग्नूचा सेंद्रिय शेतीचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, बारावी झालेल्याला करता येतो, आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. यांतलं काहीही केलंत तरी नोकरी सोडावी लागत नाही. आणि खरोखर नोकरीचीच वाट धरायची असेल तर पर्यावरणशास्त्रातलं एम.एस्सी. या सगळ्यांपेक्षा जास्त दारं उघडेल. तुम्ही एकोणतिशीत आहात, उशीर झालेला नाही. पत्रावरून मात्र तुमचा ओढा नोकरीकडे दिसत नाही. चुकत असेन तर कळवा.

आता ज्या कागदाबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्याबद्दल. तुमची वही कुठे आहे? दोन वर्षांत किती कचरा आत गेला, किती खत बाहेर आलं, कोणत्या महिन्यात किती तापमान, तक्रारी किती, हे लिहिलेलं आहे का? पत्रात 'साधारण ३० किलो' असं आहे. कारखान्यात तुम्ही 'साधारण' लिहून बॅच पास कराल का? तिथे तुम्ही बॅच नंबर टाकता, नमुना काढता, डेव्हिएशन आलं तर कारण लिहिता. तेच इथे करा. शंभर पानी वही आणि लांब दांड्याचा थर्मामीटर. तारीख, ओला किती, सुका किती, एक फूट खोलवरचं तापमान, मुठीत दाबल्यावर काय झालं, वास कसा, कधी पलटलं, कुणी पलटलं. अमेरिकेची परीक्षा असो की इथली, अनुभव दाखवा म्हटल्यावर हीच वही लागेल. नव्या सोसायटीशी करार करताना हीच लागेल. बँकेत कर्जाला गेलात तर तिथेही.

तुमचे ते जाळीदार विटांचे हौद आहेत ना, त्यांना नाडेप म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. ना. दे. पां. ही आद्याक्षरं. नारायण देवराव पांढरीपांडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद, काडीकचरा, थोडं शेण, माती, पाणी, आणि तीन-चार महिन्यांत खत. अशा गोष्टी गावोगावी अनेकांनी करून पाहिल्या असतील. पांढरीपांड्यांनी मापं ठरवली आणि सांगितली. म्हणून तो हौद कुठल्याही गावच्या गवंड्याला बांधता येतो.

मावशींविषयी. तुमच्या चार पानी पत्रात त्या एका ओळीत येऊन जातात: "मदतीला मावशी आहेत." पण ढीग पलटण्याचं वर्णन तुम्ही केलंय ते नीट वाचलं तर कळतं की सकाळी साडेसातला तुम्ही हिंगण्याच्या बसमध्ये असता. मग पलटतं कोण? कोणत्या फ्लॅटचा कचरा मिसळलेला येतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, हे आधी कोणाला कळतं? कौशल्य विकासाच्या योजनांत 'पूर्वानुभवाची मान्यता' नावाची सोय आहे. शाळा न शिकता हातानं काम शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचं. तुम्ही स्वतःसाठी चौकशी कराल तेव्हा मावशींसाठीही करा. दहा सोसायट्या झाल्या की तुम्हाला अशा पाच-सहा जणी लागतील, आणि त्यांना हातमोजे, नाकाला मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ठरलेल्या तारखेला पैसे लागतील. भुरभुरीत कोरडा ढीग पलटताना उडणारी बुरशी फुप्फुसात जाते, तेव्हा पलटण्याआधी पाणी शिंपडायची सवय लावा. हे खर्च फ्लॅटमागच्या ८० रुपयांत आत्ताच धरा, नाहीतर नंतर ते मावशींच्या मजुरीतून कापले जातात. सगळीकडे तसंच होतं.

वडिलांचं. त्यांना तुम्ही अनोळखी माणसात मोजू नका. आणि त्यांच्यासाठी सर्टिफिकेट करू नका, १८ हजारांचं तर मुळीच नको. "कचरा चिवडून राहिला" या वाक्यात दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक भीती: ठरलेला पगार जाईल. ती रास्त आहे. कारकुनी करून घर उभं केलेल्या माणसाला एक तारखेची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्यावर उत्तर म्हणजे ते दहा सोसायट्यांचं गणित, त्यांच्यापुढे कागदावर मांडा. कारकून माणूस आहे, ताळेबंद वाचेल. त्यात चूकही काढेल, ती मान्य करा.

दुसरी गोष्ट अशी की कचऱ्याचं काम 'आपल्यासारख्यांचं' नाही. आता हे 'आपल्यासारखे' कोण आणि ते काम पिढ्यान्पिढ्या कोणावर टाकलं गेलं, हे वडिलांनाही माहीत आहे आणि तुम्हालाही. गाडगेबाबांच्या फोटोला हार घालणाऱ्या आपल्या विदर्भातल्या घरांतही मुलाच्या हातात खराटा चालत नाही. यावर वाद घालून वडील हरतील असं मला वाटत नाही. पण सर्टिफिकेट मिळवून आपण 'तसे' नाही हे सिद्ध करायला निघालात, तर तुम्हीही तीच रेघ ओढताय, फक्त स्वतःला पलीकडे उभं करून. तुमच्या पत्रातली अस्वस्थता मला थोडी तिथली वाटली. एका रविवारी त्यांना हौदापाशी न्या. काही बोलू नका. थंडीच्या सकाळी ढीग उघडला की वाफ निघते, तेवढी दाखवा. जमलं तर पोत्यांचा हिशेब त्यांच्याकडे सोपवा. निवृत्त माणसाला नुसतं बसवत नसतं. स्थळांचं म्हणाल तर ज्या घराला हौद चालत नाही ते घर लग्नाआधीच कळलेलं बरं.

काटोलचं सध्या नको. दोन एकर ऐकायला छान वाटतात, पण तिथे कचरा नाही, तुम्ही नाही, आणि गांडूळखताला लागणारं शेण विकत घ्यायचं तर त्याचा भाव तिथला शेतकरी ठरवणार. शिवाय भावाभावांतली जमीन, त्यावर तुमचे १ लाख ८० हजार, आणि कागद काहीच नाही. चुलत भावाला आधी गिऱ्हाईक करा. संत्र्याचा बहर धरताना सेंद्रिय खत लागतंच. त्याच्या पाच झाडांना तुमचं खत द्या, शेजारच्या पाचांना त्याचं नेहमीचं शेणखत, आणि एक हंगाम नोंदी ठेवा. त्या नोंदी पुढे दहा बागायतदारांना दाखवता येतील.

येतं वर्षभर नोकरी सांभाळा. त्या दोन सोसायट्यांना हो म्हणा, पण लेखी करा: कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी त्यांची, मिसळलेला आला तर उचलणार नाही, पाण्याचा नळ आणि सावली ते देतील, महिन्याचे पैसे ठरलेल्या तारखेला. शिलकीतले ४० हजार हौद, चाळणी, थर्मामीटर, तपासण्या यांसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यांना हात लावू नका. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही ठिकाणी पार पडले, वही भरली, आणि दोन तपासणी अहवाल हातात आले, की मला पुन्हा लिहा. नोकरी सोडायची का, ते तेव्हा बोलू. मारबतीच्या, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याच्या मिरवणुकीच्या, दिवशी आपण सगळे रस्त्यावर येऊन 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो. ती सगळं घेऊन जाते आणि ओला कचरा तेवढा दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच असतो, तेव्हा तुमचं काम कुठे पळून जात नाही.

गांडुळांचं. चुका दोन झाल्या. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, सुमारास नागपूर पंचेचाळिशीच्या आसपास असतं, आणि खताची लाल गांडुळं पस्तिशीपलीकडे तग धरत नाहीत. दुसरं, ती तुम्ही ताज्या हौदात सोडली असणार. ताजा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो. तो तापायलाच हवा, पण गांडुळांची तिथे भाजी होते. आधी ढीग तापून पूर्ण निवू द्या, साधारण महिना-दीड महिना. तो निवलेला माल वेगळ्या, सावलीतल्या हौदात घ्या, वर ओलं गोणपाट टाका, कडेनं मुंग्यांसाठी पाण्याची चर काढा. कोजागिरीनंतर अर्धा किलो गांडुळं आणा, तीन किलो नको. सोय पटली तर होळीपर्यंत तीच वाढतात. आणि हिवाळ्यात घरोघरून संत्र्याची सालं येतील ती त्यांना घालू नका. सालीतलं तेल त्यांना सोसत नाही, ती हौदाच्या भिंतीवर चढून बसतात. सालं बारीक करून तापणाऱ्या पहिल्या हौदात टाका.